रोजचं लिखाण आणि खात्यांची सिंगल लाईन

निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी लिहायला बसते. चहा झाला की पेपर यायच्या आत अर्धा तास, कधी पाऊण. विषय बहुतेक वीज मंडळातल्या नोकरीतलेच: उपकेंद्रातल्या रात्रपाळ्या, फिडर (गावाकडे वीज नेणारी लाईन) ट्रिप होऊन बंद पडला की खणखणणारे फोन, वळवाच्या पावसात पोल आडवे झाले की लाईनमन मंडळींची होणारी दमछाक. याला साहित्य म्हणा असा माझा आग्रह नाही. पण सवय लागली, आणि ती मोडू नये असं वाटायला लागलं.

आधी वह्या होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट, यावरून समजून घ्या. तळमजल्यावरच्या कपाटातल्या वह्यांचा लगदा झाला. त्यानंतर मी लॅपटॉप घेतला, मराठी टायपिंग शिकले आणि सगळं लिखाण गूगल डॉक्समध्ये ठेवायला लागले. पाण्याची काळजी मिटली. मात्र आता सगळं एका मेल खात्याच्या दाराआड गेलं होतं, आणि त्या दाराकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

पाहायची वेळ आली ती भिशीतल्या एका मैत्रिणीमुळे. तिचं व्हॉट्सॲप दुसरंच कोणीतरी चालवायला लागलं आणि आम्हा सगळ्याजणींना तिच्या नावाने ‘अर्जंट पैसे हवेत’ असे निरोप आले. मी पुण्याला लेकीला फोन केला. तिने संध्याकाळपर्यंत ‘आई, हे सगळं करून टाक’ म्हणून लांबलचक यादी धाडली. यादी चांगली होती, पण कशानंतर काय आणि का, ते तिच्यात नव्हतं. असल्या यादीतल्या पहिल्या चार गोष्टी होतात आणि बाकीच्या राहतात, हे मी ऑफिसात आयुष्यभर पाहिलंय.

म्हणून जे येतं ते केलं. मोठा कागद घेतला आणि माझ्या खात्यांची सिंगल लाईन डायग्राम काढली, म्हणजे कशाला कुठून पुरवठा होतो ते साध्या रेघांनी दाखवणारा आराखडा. उपकेंद्राची काढतात तशीच: इनकमर, म्हणजे वीज आणणारी लाईन, कुठून येतो, कुठल्या बसवर (वीज वाटणाऱ्या पट्टीवर) काय जोडलंय. इथे प्रश्न एकच ठेवला, ‘या खात्याचा पासवर्ड मी विसरले तर नवा कशाच्या जोरावर मिळतो?’ उत्तर येईल तिकडे बाण. बँक, बाण मोबाईल नंबरकडे. व्हॉट्सॲप, नंबरकडे. पेन्शनचं पोर्टल, मेलकडे. वीजबिल, गॅस, रेल्वेचं तिकीट, सगळे मेलकडे. आणि मेल? मेलचा बाण नंबरकडे.

कागद पूर्ण झाल्यावर दिसलं की सगळा भार त्या नखाएवढ्या सिमकार्डावर आहे.

त्यातही एक गंमत निघाली. माझ्या जुन्या मेलला जोडलेला नंबर होता तो ऑफिसचा, कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या सीयूजी गटातला. निवृत्त होताना सिम परत करायचं असतं, तसं मी केलं. म्हणजे माझ्या जुन्या मेलची किल्ली आता माझ्या जागेवर आलेल्या साहेबांच्या खिशात! बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नसणार. आपण स्वतः बंद केलेल्या नंबरचंही तेच होतं, ९० दिवसांनंतर कंपनी तो दुसऱ्या कोणाला देऊ शकते. लॅपटॉपवर ती मेल उघडी होती, पासवर्ड ठाऊक होता, त्यामुळे नंबर बदलायला पाच मिनिटं लागली. तुम्ही बाकी काही केलं नाहीत तरी चालेल, पण मेलच्या सिक्युरिटीच्या पानावर कुठला नंबर आणि कुठली दुसरी मेल दिलेली आहे, एवढं आज बघा.

पुढचं काम सिमचं. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत ते कळतं (एका माणसाच्या नावावर साधारण ९ पर्यंत असू शकतात). माझ्या नावावर माझ्याच होत्या. मग सिमलाच पिन लावला. स्क्रीनलॉक वेगळं आणि हे वेगळं. फोन चोरीला गेला आणि चोराने सिम काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये घातलं, तर स्क्रीनलॉक काय कामाचं? सिमचा पिन असला की दुसऱ्या हँडसेटमध्येही तो आधी पिन मागतो. तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कोड, लागतो, तो कंपनीकडून मिळतो. पिन लावण्याआधी पीयूके कुठे छापलेला आहे ते शोधून ठेवा. *#२१# फिरवून आपले कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना, तेही पाहून घेतलं. व्हॉट्सॲपला टू-स्टेपचा सहा अंकी पिन घातला, लिंक्ड डिव्हायसेसमध्ये अनोळखी काही नाही याची खात्री केली. ही कामं अशीच, झटपट.

पासवर्डात मात्र मी रमले.

लेकीचं म्हणणं होतं पासवर्ड मॅनेजर घे, तो सगळ्यांचे पासवर्ड बनवेल आणि लक्षात ठेवेल. घेतला. तरी दोन पासवर्ड डोक्यातच ठेवावे लागतात, एक त्या मॅनेजरचा आणि एक मेलचा. ते लांब हवेत, पाठ व्हायला हवेत आणि कोणाला अंदाज येणार नाही असेही हवेत. यासाठी फाशांची जुनी रीत आहे. शब्दांची यादी करायची, फासे टाकायचे आणि जे शब्द पडतील ते ओळीने लावायचे. इंग्रजीत ७,७७६ शब्दांच्या तयार याद्या मिळतात, एका शब्दाला फासा पाच वेळा टाकायचा. पण ते इंग्रजी शब्द माझ्या तोंडात बसेनात. म्हटलं, आपली यादी आपणच करू.

सहा ओळी, सहा रकाने, असा ३६ घरांचा तक्ता. असे ३६ तक्ते झाले की १,२९६ शब्द. फासा चार वेळा टाकायचा. पहिल्या दोन दानांनी तक्ता ठरतो, पुढच्या दोनांनी घर. आणि हे तक्ते मी भरले ते सकाळच्या लिहिण्याच्या वेळेत. रोज काही सुचतंच असं नाही. ज्या दिवशी पानावर ओळ उमटत नाही त्या दिवशी एक तक्ता भरायचा, असं ठरवून टाकलं. स्वयंपाकघराचा तक्ता: झारा, उलथणं, पळी, सांडशी, किसणी, खलबत्ता, रवी, वरवंटा. शेताचा, पाखरांचा, दागिन्यांचा, शिवणकामाचा, उपकेंद्राचा. तक्ता अर्ध्यात आला की बहुतेक वेळा काहीतरी सुचायचंच. ‘कंदील’ लिहिलं आणि कंट्रोल रूममध्ये कंदिलाच्या उजेडात लॉगशीट भरल्याची एक रात्र आठवली, तिच्यावर तीन पानं झाली. वीज मंडळाच्या उपकेंद्रातच अंधार, हा विनोद बाहेरच्यांना सांगून पटत नाही. रोज लिहायचं पण काय लिहायचं, असं विचारणाऱ्यांना मी आता तक्ताच सांगते.

शब्द देवनागरीत का टाईप करत नाही, असं एकीने विचारलं. करून पाहिलं होतं. एक तर दुसऱ्याच्या संगणकावर मराठी कीबोर्ड असेलच असं नाही. दुसरं म्हणजे ‘ॲ’सारखं अक्षर एका कीबोर्डवर एकच चिन्ह म्हणून उमटतं, तर दुसऱ्यावर ‘अ’ आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हं मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखीच, पण संगणकाच्या लेखी वेगळी, आणि पासवर्ड चुकीचा ठरतो. म्हणून शब्द मराठी, लिपी रोमन. तिथे ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होतो. सांडशीतली ‘शी’ एका ‘आय’ने की दोन ‘ई’नी? नियम करून टाकला, दीर्घ असो वा ऱ्हस्व, अक्षर एकच. शुद्धलेखनाच्या बाई आज असत्या तर छडीच घेऊन आल्या असत्या.

सहा शब्दांचा पासवर्ड म्हणजे ४७ वर १७ शून्यं इतक्या शक्यता. माझी यादी कोणाच्या हाती लागली तरी बिघडत नाही; बळ यादीत नाही, फाशात आहे. म्हणून पडलेलं दान आवडलं नाही तरी बदलायचं नाही. आपल्या आवडीने शब्द निवडायला लागलो की नातवंडांची नावं आणि कुलदैवत येणारच.

एवढं झाल्यावर मेललाही टू-स्टेप लावलं, म्हणजे पासवर्डानंतर आणखी एक कोड, आणि दुसऱ्याच सकाळी कटकट सुरू झाली. लॅपटॉपने कोड मागितला, कोड फोनमध्ये, फोन हातात घेतला तर तिथे चार निरोप, एक वाढदिवस, एक लग्नपत्रिका. परत येईपर्यंत पेपर आलेला. लिहिण्याच्या वेळी मी फोन आतल्या खोलीत चार्जिंगला ठेवते ते उगाच नव्हे. सुरक्षेसाठी रोज फोन उचलावा लागणार असेल तर माझी सवय महिनाभरात मोडेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. उपाय निघाला पासकीचा, म्हणजे पासवर्डाऐवजी चालणाऱ्या डिजिटल किल्लीचा. लॅपटॉपवरच पासकी बनवली, बोट टेकवलं की दार उघडतं, फोन लागतच नाही. शिवाय पासकी ज्या साईटसाठी बनवली तिथेच चालते, हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर चालतच नाही; ओटीपी मात्र आपण आपल्या हाताने खोट्या पानावर टाकू शकतो. लॅपटॉपचं स्वतःचं कुलूपही आता धड असायला हवं, ते घातलं. फोनवर पासकी आणि ऑथेंटिकेटर (कोड बनवणारं ॲप) ठेवलं ते राखीव म्हणून. ऑथेंटिकेटरचे कोड दर ३० सेकंदांनी फोनच्या आतच तयार होतात, त्यांना रेंज लागत नाही. महापुरात आमचे टॉवर बंद पडले होते तेव्हा एसएमएसवर येणारा ओटीपी कुठून आला असता?

मग पुन्हा तो कागद काढला आणि बाण नव्याने आखले. डोक्यातून गेलाच तर मेलचा पासवर्ड मॅनेजरमध्ये. मॅनेजरचा टू-स्टेपचा कोड फोनमध्ये. फोनचा बॅकअप मेलमध्ये. वर्तुळ! फोन आणि लॅपटॉप एकदम गेले, मी पासवर्ड विसरले, की बाहेर उभं राहण्याशिवाय गत्यंतर नाही. उपकेंद्रात ब्रेकर ट्रिप करायचा, म्हणजे दोष आला की लाईन तोडायचा, पुरवठा बॅटरी सेटवरून घेतात, कारण ज्या लाईनवर दोष आलाय तिच्यावरच ट्रिपिंग अवलंबून ठेवलं तर ऐन वेळी काहीच हलणार नाही. खात्यांनाही तसा बॅटरी सेट लागतो, आणि तो म्हणजे कागद. लोक चोरांनाच घाबरतात. माझ्या वयाला चोरापेक्षा स्वतःच बाहेर अडकायची धास्ती जास्त धरावी, असं माझं मत आहे.

गूगल आठ अंकी दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापले. मॅनेजरचा आणि मेलचा, दोन्ही पासवर्ड हाताने लिहिले. दोन पाकिटं केली. एक वरच्या मजल्यावर, लॅमिनेट करून, एक पुण्याला लेकीच्या कपाटात. कागदावर पासवर्ड लिहू नये म्हणतात ते ऑफिसच्या टेबलाला चिकटवू नये या अर्थाने खरं आहे. घरातल्या कुलूपबंद पाकिटापर्यंत परदेशातला चोर पोचत नाही.

पाकीट केलं म्हणजे झालं नाही, चाचणी हवी. एका रविवारी फोन बंद केला, शेजारणीकडून लॅपटॉप मागून आणला आणि खासगी विंडोमध्ये केवळ वरच्या मजल्यावरच्या पाकिटाच्या जोरावर माझ्या मेलमध्ये शिरून दाखवलं. पासवर्ड, मग कोड, आत. वापरलेला कोड पेनाने खोडला आणि बाहेर पडताना लॉगआऊट केलं.

लिखाणाची प्रतही बाहेर काढून ठेवते. गूगल टेकआऊट, म्हणजे आपला मजकूर उतरवून घ्यायची गूगलची सोय, तिच्यातून दर दोन महिन्यांनी वर्षभर आपोआप प्रत तयार होईल असं लावता येतं, मी ती पेनड्राईव्हवर उतरवते. पेनड्राईव्ह वरच्याच मजल्यावर.

शेवटी राहिलं ते मागे कोणाला काय मिळावं हे. गूगलचं व्यक्तिगत खातं दोन वर्षं वापरलं नाही तर ते पुसून टाकू शकतात, हा नियम डिसेंबर २०२३ पासून अमलात आहे. त्याआधी, आपण ठरवू तितके महिने खातं निपचित राहिलं, तर दहापर्यंत माणसांना कळवता येतं आणि कोणाला काय द्यायचं तेही निवडता येतं. मी लेकीचं नाव घातलं. डॉक्स सगळे तिला, मेल नाही.

फोनवर सांगितलं तर म्हणाली, “अगं आई, मेलमध्ये एवढं काय दडवलंयस?”

“क्रेडिट कार्डाच्या जाहिराती,” म्हटलं. “त्या वाचायला तुला वेळ कुठाय?”