आमची वाटचाल : चालणाऱ्यांचा हिशेब

रस्त्यावरची वाहनं मोजून देणं, हे आमच्या फर्मचं पहिलं काम. सल्लागार कंपन्यांना सिग्नल, उड्डाणपुलासाठी आकडे लागायचे. आमची पोरं चौकात उभी राहून ते गोळा करायची. त्या तक्त्यांत ट्रक, एसटी, रिक्षा, दुचाकी यांना रकाने असायचे, चालणाऱ्याला नसायचा. आमच्या कोल्हापुरात अंबाबाईचा भाविक भवानी मंडपातून चालतच जातो, गुजरीच्या सराफ बाजारातलं गिऱ्हाईक चालतच फिरतं. मग त्याला सोडून मध्यवस्तीचा आराखडा होतोच कसा? या प्रश्नापायी आम्ही पादचाऱ्यांच्या सिम्युलेशनकडे, म्हणजे त्यांची चाल संगणकावर हुबेहूब उभी करण्याकडे वळलो.

त्यासाठीच्या सॉफ्टवेअरचे महागडे परवाने परवडणारे नव्हते. जर्मनीत तयार झालेली ज्युपेडसिम आणि वादेरे ही मुक्त सॉफ्टवेअर हाती लागली, तेव्हा काम सुरू झालं. संगणकातल्या प्रत्येक माणसाला ठिकाण आणि वेग द्यायचा. भिंत आणि शेजारचा माणूस त्याला ढकलतात असं धरायचं. हेल्बिंग आणि मोल्नार या संशोधकांनी १९९५ साली हे गणितात मांडलं. समोरासमोरच्या गर्दीत त्यातून आपोआप रांगा पडतात, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही हरखून गेलो होतो.

महाद्वार रोडचं सिम्युलेशन एका कुंकवाच्या दुकानदारांना दाखवलं. ते म्हणाले, "ह्यातली माणसं कुठं थांबतच न्हाईत की वो! आमच्या रस्त्यावर समदी बघत बघत जात्यात." आमचं पुढचं सगळं काम या वाक्यावर उभं आहे. दुकानांच्या माडीवरून आम्ही चित्रीकरण करू लागलो. कुटुंब हात धरून चालतं, आजीच्या चालीनं सगळ्यांची चाल ठरते. चपला काढायला माणूस वाकला की मागची रांग अडते. आयआयटी कानपूर आणि जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्राच्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं होतं, की गर्दी वाढली तरी भारतीयांचा वेग जर्मनांइतका घटत नाही. म्हणून परदेशी आकडे आम्ही जसेच्या तसे वापरत नाही.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या नियमावलीत फूटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी वाट सांगितली आहे. नकाशात ती असते. लावलेल्या दुचाकी आणि दुकानाबाहेरचा माल वजा केल्यावर किती उरते ते आम्ही टेप लावून मोजतो आणि तीच रुंदी संगणकात घालतो. दर चौरस मीटरला पाच-सहा माणसं झाली की पाऊल आपल्या मर्जीनं पडत नाही. नवरात्रात अशी जागा कुठे तयार होईल, हे आधी कळलं तर चप्पल स्टँड हलवण्यासारखा साधा उपायही पडताळता येतो.

फेरीवाला हटवा, हा सल्ला मात्र आम्ही सहजासहजी देत नाही. आमच्या मॉडेलमध्ये त्याची गाडी अडथळा म्हणून आहे आणि माणसं जिथं मुद्दाम जातात ते ठिकाण म्हणूनही. दोन्ही नोंदी केल्याशिवाय अहवाल आमच्याकडून बाहेर जात नाही.