हेक्टरच्या रकान्यात शून्य

आमच्या तळ्यावर भाताचं एक खाचरही भिजत नाही, सगळी भानगड तिथून सुरू झाली. जावळी तालुक्यात, मेढ्यापासून आत, आण्णांनी 35 वर्षांपूर्वी ओढ्यावर मातीची भिंत घातली ती मासे सोडायला आणि मुंबईचे पाहुणे आले की पोहायला. उंची 7 मीटर, लांबी 90. आता मी तिथं दोन खोल्या काढल्यात, एक होडी आहे, शनिवार-रविवारी माणसं येतात.

मागच्या जुलैत भिंतीच्या पायथ्याला ओल दिसली. खालच्या अंगाला ज्यांचं शेत आहे ते तात्या सकाळीच दारात. "लेका, तुझी होडी माझ्या भातात यायची वाट बघू का?" 2 जुलै 2019 ला डोंगरापलीकडं, चिपळूण तालुक्यात तिवऱ्याचं धरण रात्री फुटलं, तेव्हापासून तात्यांना पावसाळ्यात झोप नाही. त्यांनी पंचायतीत अर्ज दिला. ग्रामसेवक म्हणाले, धरण तपासल्याचा कागद आणा, विषय मिटवू.

कागद द्यायचा कुणी? 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांचा. 10 ते 15 मीटरमधली काही त्यात येतात, तीही लांबी, साठा, पुराचं पाणी अशा अटींत बसली तर. आमचे 7 मीटर बाहेरच. आणि लहान तलाव कुठल्या खात्याचा हे आपल्याकडं त्याच्या सिंचनाच्या हेक्टरवर ठरतं: 100 पर्यंत जिल्हा परिषद, 600 पर्यंत मृद व जलसंधारण, त्यावर जलसंपदा. आमचे हेक्टर शून्य.

एका कार्यालयात (नाव घेत नाही, अजून कामं पडतात) मला छापील नमुना दिला. पाचवा रकाना, 'सिंचन क्षमता, हेक्टर'. मी तो रिकामा सोडला. आठ दिवसांनी अर्ज परत, 'अपूर्ण'. मग शून्य लिहिलं. टेबलावरचे भाऊसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "शून्य हेक्टर म्हणजे योजनाच नाही. मग तपासायचं काय?" मी म्हटलं, भिंत आहे, पाणी आहे, खाली माणसं आहेत. "ते खरं हो, पण रकान्यात काय घालू?"

तिसऱ्या फेरीला साहेब मिटिंगला. चौथ्या फेरीला साहेब साइटवर. पाचव्याला साहेब भेटले, चांगलं बोलले, चहा पाजला आणि दुसऱ्या इमारतीत पाठवलं. त्या इमारतीतल्या बाईंनी यादी काढून बघितली. आमचं तळं यादीत नव्हतं. आधी यादीत नाव घाला म्हणाल्या. यादीत नाव कसं घालायचं? पहिल्या इमारतीतून पत्र आणून. मेढा ते सातारा एसटीनं किती वेळा केलं ते बायकोनं कॅलेंडरवर खुणा करून ठेवलंय, मी मोजत नाही. एकदा तर चिडून आंब्याच्या चार कलमांना तळ्यातनं पाइप टाकला आणि रकान्यात 0.10 लिहिलं. अर्ज घेतला! नोंद झाली! पंधरा दिवस मी गावात ताठ मानेनं फिरलो. मग फोन आला, "तलाव खासगी आहे ना? मग आमच्याकडं येत नाही."

हे लेखी द्या म्हटलं तर कोणी देईना. शेवटी माहितीचा अधिकार, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. त्यात 'धरण सुरक्षित आहे का' असं विचारू नका, मतं ते देत नाहीत. माझा अमुक आवक क्रमांकाचा अर्ज आज कोणाच्या टेबलावर आहे आणि त्यावर काय शेरा आहे, एवढंच विचारा. तिसाव्या दिवसाच्या आत पत्र: 'सदर तलाव खासगी मालकीचा असल्याने या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.' हे एक वाक्य मिळवायला पावणेचार महिने गेले.

भिंत प्रत्यक्षात तपासली ती पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका उपअभियंत्यांनी, अर्ध्या दिवसात. हे मी पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं. त्यांनी ओलीचं पाणी बाटलीत धरून अर्धा तास ठेवलं. तळाशी गाळ नव्हता. स्वच्छ झिरपतंय तोवर लक्ष ठेवा, गढूळ आलं की भिंतीच्या आतली माती चालली असं समजा आणि खालच्यांना आधी उठवा, म्हणाले. झिरपा पाइपात घेऊन बादली किती वेळात भरते ते रोज लिहायला लावलं, शेजारी तळ्याची पातळी. पातळी तीच आणि बादली लवकर भरायला लागली तर धोका.

तिवऱ्यानंतर खेकड्यांनी धरण फोडलं असं मंत्री बोलले तेव्हा सगळा महाराष्ट्र हसला होता. हे उपअभियंता मात्र भिंतीवर वाकून खेकड्यांची बिळंच मोजत होते.

भीतीनं मी तळं एकदम उपसायला निघालो होतो, हे सांगायचं राहिलं. तसं करू नका. पाण्याचा टेकू अचानक गेला की आतला भिजलेला उतार घसरतो. भिंतीवरची आण्णांनी सावलीसाठी लावलेली दोन झाडंही नुसती तोडून भागत नाही. मुळं कुजली की पाण्याला आयती वाट होते, म्हणून उन्हाळ्यात मुळासकट काढून थरावर थर माती ठोकून भरायची.

पण ते खरे संतापले सांडव्यावर, म्हणजे तळं भरल्यावर जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून मी तिथं जाळी बांधली होती. पाचोळा अडकून निम्मा सांडवा बंद. "पाणी भिंतीवरून गेलं की मातीचं धरण तासात कापलं जातं, आणि तुम्ही ओलीला घाबरताय?" जाळी त्यांच्यासमोरच कापली.

त्यांचा दोन पानी अहवाल आणि ते अखत्यारीबाहेरचं पत्र, दोन्ही जोडून पंचायतीत दिलं. विषय मिटला. या पावसात पहिल्याच पुराला कटला मासे सांडव्यावरनं खाली गेले, थेट तात्यांच्या खाचरात. त्याबद्दल अजून तरी कुठं अर्ज आलेला नाही.