उंच उडीची शीट भरायला शिकले तेव्हा

मागच्या वर्षी इंदूरच्या एका आंतरशालेय स्पर्धेत माझी नववीतली विद्यार्थिनी उंच उडीत तिसरी आली. खरं तर ती दुसरी यायला हवी होती. तिने आणि दुसऱ्या शाळेच्या एका मुलीने सारखीच उंची पार केली होती, आमच्या मुलीने पहिल्या प्रयत्नात, त्या मुलीने तिसऱ्या; अशा वेळी कमी चुकांची मुलगी पुढे. पण पंचांच्या टेबलावर फक्त शेवटची उंची लिहिलेली. मी वाद घातला, हातात मात्र कागद नव्हता. मैदानावर ती गप्प होती, रिक्षात बसल्यावर रडली.

माझा खेळ खो-खो. उंच उडी मी मुलींकडून करून घ्यायची, तिची नोंद ठेवायला कधी शिकलेच नव्हते. त्याची लाज वाटली, आणि शिकायला बसले.

आमच्या रामबागेतल्या घरी रात्री जेवणं झाली की मोठ्या स्पर्धांच्या महिलांच्या अंतिम फेऱ्या लावायच्या आणि कोऱ्या कागदावर शीट भरायची. पार केली तर गोल, चुकली तर फुली, उडी न मारता उंची सोडली तर आडवी रेघ. लागोपाठ तीन फुल्या पडल्या की ती खेळाडू बाहेर.

सुरुवात 2022 च्या यूजीनच्या जागतिक स्पर्धेपासून केली. ऑस्ट्रेलियाची एलेनॉर पॅटरसन आणि युक्रेनची यारोस्लावा माहुचिख, दोघींची उंची 2.02 मीटर. पॅटरसनने ती पहिल्याच प्रयत्नात पार केली, माहुचिखने दुसऱ्या. सुवर्ण पॅटरसनला. एका फुलीचा फरक! हीच माहुचिख पुढे 7 जुलै 2024 ला पॅरिसमध्ये 2.10 उडाली आणि स्तेफ्का कोस्तादिनोव्हाचा 1987 पासूनचा 2.09 चा विश्वविक्रम मोडला.

मग पॅरिस ऑलिंपिक. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. उंची त्या सांगायच्या, फुल्या मी मांडायची. ऑस्ट्रेलियाची निकोला ओलिस्लागर्स प्रत्येक उडीनंतर वहीत काहीतरी लिहिते, ते बघून म्हणाल्या, "अगं, हीसुद्धा हिशेबाची वही घेऊन आलीय!" ती स्वतःच्या उडीला स्वतःच गुण देते, हे सांगितल्यावर त्यांना ती फारच आवडली. तिथेही माहुचिख आणि ओलिस्लागर्स 2.00 वर बरोबरीत होत्या, आणि सुवर्ण माहुचिखला मिळालं ते कमी चुकांवर. कांस्य मात्र 1.95 वर पॅटरसन आणि इरिना गेराश्चेंको यांना विभागून. तिथे मी अडले. दोन दिवसांनी उलगडलं: आधी शेवटच्या पार केलेल्या उंचीवरच्या चुका बघायच्या, त्याही सारख्या असतील तर त्या उंचीपर्यंतच्या एकूण चुका. तरीही बरोबरी राहिली तर जादा उड्या फक्त पहिल्या क्रमांकासाठी. खालचे क्रमांक विभागून देतात.

यंदा स्पर्धा जाहीर झाल्याबरोबर मी स्वतःहून टेबलाचं काम मागून घेतलं. सकाळी बारची उंची पोलादी टेपने मोजली, जमिनीपासून बारच्या वरच्या कडेपर्यंत आणि तीही मध्यभागी, कारण चार मीटरचा बार मधे किंचित झुकतो. बार बदलला तर पुन्हा मोजायचं. उडी एकाच पायावरून घ्यायची, हे मुलींना आधी सांगून ठेवलं.

शेवटी दोघी उरल्या, दोघी 1.38 वर. दोघींनी ती दुसऱ्या प्रयत्नात पार केली आणि 1.41 ला दोघींच्या तीन-तीन फुल्या पडल्या. माझा हात थरथरत होता. मागे जाऊन मोजलं, तर 1.38 पर्यंत एकीच्या दोन चुका, दुसरीच्या तीन. पुन्हा मोजलं, शेजारच्या सरांनाही मोजायला लावलं, मगच क्रमांक लिहिला.

दुसरी आलेली मुलगी टेबलापाशी आली. माझ्या शाळेची नव्हती. "मॅडम, हाइट तो सेम थी ना?"

मी शीट तिच्याकडे फिरवली. तिने आपल्या नावाच्या ओळीवर बोट ठेवून एकेक फुली मोजली. 1.25 च्या घरात बोट थांबलं.

"ये पहली वाली?"

"हो बेटा, तीच."

तिने मान हलवली, मागे जाऊन धावेच्या सुरुवातीला लावलेली आपली चिकटपट्टी जमिनीवरून सोलून काढली आणि तिची घडी करून बुटात ठेवली.