इतिहाससंशोधकाचा गौरव कशाचा आणि केव्हा

ज्येष्ठ इतिहाससंशोधकांना जीवनगौरव पुरस्कार दिले जातात, तेव्हा मी ती मानपत्रे आवर्जून वाचतो. बहुतेकांत ‘ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व’, ‘चालताबोलता ज्ञानकोश’, ‘निःस्पृह साधक’ असे शब्द भेटतात आणि ते मनापासून लिहिलेले असतात याबद्दल मला शंका नाही. मात्र या माणसाने चाळीस-पन्नास वर्षे खपून नेमके काय शोधून काढले, त्याच्या आधी आपण काय मानत होतो आणि त्याच्यामुळे त्यातले काय बदलले, हे त्या मानपत्रात क्वचितच सापडते. आदर व्यक्तीविषयी असला तरी गौरव तिच्या कामाचा व्हायला हवा, आणि त्यासाठी ते काम काय असते हे गौरव करणाऱ्यांनी आधी समजून घ्यायला हवे.

एखादे पेशवेकालीन मोडी पत्र घ्या. त्यात ‘छ’ या अक्षरापुढे चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना असतो. साल मात्र कित्येकदा दिलेलेच नसते. जेथे असते तेथे ते ‘इहिदे सितैन मया व अलफ’ अशा अरबी संख्याशब्दांत येते. एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे मराठी दप्तरांत चालणाऱ्या शुहूर सन या कालगणनेतले ११६१. हे साल मृगाच्या सुमारास, मे महिन्याच्या अखेरीस सुरू होत असल्यामुळे ते १७६० च्या मे अखेरीपासून पुढच्या वर्षीच्या मेपर्यंत चालते आणि पानिपतचा १४ जानेवारी १७६१ हा दिवस त्यातच पडतो. साल नसेल तर मजकुरात कोणाचा उल्लेख आहे, तो माणूस तेव्हा हयात होता का, फौजेचा मुक्काम कुठे होता, कोणत्या हुंडीचा तगादा चालू होता, अशा खुणा जुळवत, जंत्री, म्हणजे निरनिराळ्या कालगणनांच्या तारखा जुळवून देणारे कोष्टक, पुढे ठेवून ते ठरवावे लागते. या खटाटोपाचे फळ म्हणजे छापील पत्राच्या माथ्यावर कंसात आलेली एक तारीख, आणि वाचक तिच्यावरून सहज नजर फिरवून पुढे जातो. तीच तारीख एका वर्षाने चुकली तर मदतीची याचना पराभवानंतरची ठरते आणि अख्ख्या प्रकरणाचा कार्यकारणभाव उलटा होतो. असे शेकडो निर्णय ज्याने बिनचूक घेतले, त्याच्या मानपत्रात निदान त्यांपैकी एकाचा तरी उल्लेख असायला नको का?

इतिहासाच्या अभ्यासात परिपक्वता उशिरा येते, हेही या गौरवाच्या संदर्भात महत्त्वाचे आहे. कागद वाचता येऊ लागणे, माणसे, घराणी आणि ठिकाणे ओळखीची होणे, मग त्यांतल्या विसंगती दिसू लागणे, यातच उमेदीची वर्षे जातात. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर, पासष्टीच्या उंबरठ्यावर पेशवे दप्तरातील निवडक कागदांच्या संपादनाला लागले आणि १९३० ते १९३४ या काळात त्यांचे ४५ खंड बाहेर पडले. त्यांचे स्नेही जदुनाथ सरकार यांनी मुघल साम्राज्याच्या ऱ्हासाचा चौथा आणि शेवटचा खंड ऐंशीच्या घरात असताना, १९५० मध्ये पूर्ण केला. पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० चा आणि अखेरचा १९६२ चा. तेव्हा ते ८२ वर्षांचे होते आणि पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. सरदेसायांना पद्मभूषण मिळाले ते १९५७ मध्ये, वयाची नव्वदी उलटल्यावर. या सन्मानांचा आनंद आहेच. पण जे वय आपण निरोपसमारंभाचे मानतो तेच या विद्वानांचे भर कामाचे वय होते.

म्हणूनच त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे उदाहरण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. डेक्कन कॉलेजात अध्यापन केलेला आणि पानिपतच्या मोहिमेवर मूलगामी ग्रंथ लिहिलेला हा संशोधक शिवचरित्र लिहिणार होता. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते चरित्र झालेले नव्हते. पुढे ‘श्री शिवछत्रपती’ या नावाने प्रसिद्ध झाले ते संकल्पित चरित्राची प्रस्तावना, त्याचा आराखडा आणि जमवलेली साधने. त्या ग्रंथाला १९६६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तो रास्तच होता, कारण ती प्रस्तावना वाचताना किती मोठ्या आवाक्याचे चरित्र त्यांच्या मनात होते हे पानोपानी जाणवते. पण पुरस्कार स्वीकारायला लेखक नव्हता आणि चरित्र लिहायला आता दुसरा शेजवलकर मिळणार नव्हता.

ज्येष्ठ संशोधकाला सन्मानित करताना त्याच्या टेबलावर अपुरे काय पडले आहे, हे विचारावे असे मला वाटते ते यामुळेच. दृष्टी अधू झालेल्या माणसाला मोडी वाचून दाखवणारा, टिपणे टंकलिखित करणारा, संदर्भ तपासून देणारा एखादा तरुण साहाय्यक दोन-तीन वर्षांसाठी मिळाला, तर एखादा अडलेला ग्रंथ बाहेर येऊ शकतो. संस्थेने तो छापण्याची हमी दिली तर आणखी उत्तम. गौरवग्रंथ काढायचाच असेल तर आठवणींच्या लेखांबरोबर त्या संशोधकाचे मासिकांत आणि वार्षिक इतिवृत्तांत विखुरलेले लेख सूचीसह एकत्र करावेत, कारण पुढच्या अभ्यासकाला त्यांचाच शोध घेत हिंडावे लागते. आणि त्याच्या मतांशी ज्यांचे पटत नाही अशांनाही त्या ग्रंथात आवर्जून लिहायला सांगावे. ज्याने आयुष्यभर पुराव्यावरून वाद घातला, त्याचे मत गंभीरपणे खोडून काढण्याचा प्रयत्न करणे हाही मोठा मान आहे.

राहिला प्रश्न कागदांचा. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून दप्तरे मिळवली, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले आणि १९२६ च्या अखेरीस ते गेले. त्यानंतर लगेच, १९२७ मध्ये, धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांचा संग्रह तेथे जपला गेला. प्रत्येकाच्या वाट्याला असे मंडळ येत नाही. एरवी घर बदलते, मुले परगावी असतात, टाचणांचे गठ्ठे कोणाला उलगडत नाहीत आणि ते रद्दीत जातात. पुरस्कार देणाऱ्या संस्थेने संशोधकाच्या हयातीतच, त्याच्या संमतीने, त्याच्याच शेजारी बसून या टाचणांची यादी करावी आणि कोणते टाचण दप्तरातल्या कोणत्या रुमालातल्या (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातल्या) कोणत्या कागदावरून घेतले आहे, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे. ते सांगू शकणारा माणूस तो एकटाच असतो.