तुम्ही विचारलंत म्हणून : मीनाचा टाइपरायटर आणि कपोलांचा ड्रॅक्युला

चित्रपट रसास्वादाच्या शिबिरात फ्रान्सिस फोर्ड कपोला यांचा १९९२ सालचा ‘ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला’ दाखवून झाला, की मूळ कादंबरी वाचलेले कुणी ना कुणी मला हमखास विचारते, “पुस्तकात औषधालाही नसलेली प्रेमकथा यात घुसडली आहे, आणि वर शीर्षकात लेखकाचं नाव! तरी तुम्ही याला कादंबरीच्या जवळचा कसा म्हणता?”

तक्रार खरी आहे. १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या स्टोकरच्या कादंबरीतील काउंट ड्रॅक्युला, म्हणजे रक्त पिणारा पिशाच्च सरदार, कुणाच्या विरहात झुरत नाही. चित्रपटात मात्र तो युद्धात मारला गेल्याची खोटी बातमी ऐकून त्याची पत्नी नदीत उडी घेते आणि चार शतकांनंतर लंडनमध्ये कादंबरीची नायिका मीना हिच्या रूपाने त्याला पुन्हा भेटते. पुनर्जन्माच्या कथांवर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला हे फारसे खटकत नाही. मला खटकते ते त्यापायी मीनाच्या हातून निसटलेले काम. कादंबरी म्हणजे दैनंदिन्या, पत्रे, तारा आणि वृत्तपत्रांतील कात्रणे यांचा जुळवलेला गठ्ठा आहे, आणि तो जुळवणारी मीना आहे. नवऱ्याची लघुलिपीतील दैनंदिनी, डॉक्टर सिवर्डने फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर बोलून ठेवलेल्या नोंदी, हे सारे ती टाइपरायटरवर उतरवते, तारखेनुसार लावते आणि त्याच्या प्रती काढते. पुढे ड्रॅक्युला घरात शिरून हस्तलिखिते आणि ती नळकांडी आगीत टाकतो, तेव्हा तिजोरीत ठेवलेली दुसरी प्रत तेवढी वाचते. आपण वाचतो ती कादंबरी त्या प्रतीमुळे उरली, हे ध्यानात आले त्या दिवसापासून मीना माझ्या मनातून गेलेली नाही. चित्रपटात टाइपरायटर दिसतो, पण त्याच्यावर कथेचा भार नाही, आणि हे नुकसान मी कधीही लहान मानलेले नाही.

तरीही मी या चित्रपटाला कादंबरीच्या जवळचा म्हणतो, ते तो ज्या रीतीने घडवला गेला त्यामुळे. संगणकाखेरीज ही दृश्ये जमणार नाहीत असे सांगणाऱ्या तंत्रज्ञांना कपोलांनी दूर केले आणि हे काम आपला मुलगा रोमन याच्याकडे सोपवले. त्याने दुहेरी छायांकन, छोट्या प्रतिकृती, आरसे, उलटी फिरवलेली फिल्म अशा मूकपटांच्या काळातील युक्त्या पुन्हा वापरात आणल्या. दादासाहेब फाळक्यांच्या पौराणिक चित्रपटांतील चमत्कारही याच जातीचे होते. दैनंदिनीच्या पानांवरून धूर सोडत आगगाडी जाते, ते मोठ्या आकाराचे पुस्तक आणि त्यावरून धावणारी खेळण्याएवढी गाडी यांचे दृश्य आहे. किल्ल्यात काउंटची सावली त्याच्या हालचालींना जुमानत नाही, कारण ती दुसऱ्याच कलावंताची सावली आहे.

शिबिरात मी एक दृश्य नेहमी दोनदा दाखवतो. ड्रॅक्युलाने पिशाच्च बनवलेली मीनाची मैत्रीण ल्यूसी तळघरातील थडग्यापाशी परतते. एइको इशिओका यांनी संकल्पिलेला, गळ्याभोवती सरड्याच्या झालरीसारखा फुललेला पांढरा पोशाख तिच्या अंगावर आहे (वेशभूषेचे ऑस्कर त्यांना याच चित्रपटासाठी मिळाले), आणि ती मागे सरकत शवपेटीत जाऊन पडते. सेडी फ्रॉस्टने प्रत्यक्षात पेटीतून बाहेर येण्याचा अभिनय केला आणि फिल्म उलटी चालवली. त्यामुळे वस्त्राची घडी, मानेचा झोक, पावलाचे वजन, प्रत्येक गोष्ट किंचित चुकीची दिसते. काय चुकले ते सांगता येत नाही, पण पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

स्टोकरने फोनोग्राफ, तारायंत्र, कोडॅक कॅमेरा अशी त्या काळची अगदी नवी साधने एका जुनाट पिशाच्चासमोर उभी केली होती. सिनेमा तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता आणि कादंबरीत तो नाही. कपोला तो आणतात. दिवसाउजेडी लंडनच्या रस्त्यावर उतरलेला ड्रॅक्युला हाताने फिरवायच्या जुन्या पाथे कॅमेऱ्यातून टिपला आहे, त्यामुळे माणसे त्या काळच्या चित्रफितीसारखी अडखळत चालतात. काउंट दिवसा फिरताना पाहून काहींना ती चूक वाटते. पण पुस्तकातही तो दिवसा फिरतो, उन्हाने पिशाच्च मरते हे १९२२ च्या जर्मन मूकपटाने रूढ केले. आणि मग तो मीनाला नवलाईची चलच्चित्रे पाहायला नेतो. हा प्रसंग कादंबरीत कुठेही नाही, पण तुम्ही ज्याला घुसडलेले म्हणता त्यात मी तो कधीच धरत नाही. मागे पडद्यावर चित्रे हलत असतात, प्रेक्षक पळालेले असतात, आणि मीना मोकाट सुटलेल्या पांढऱ्या लांडग्याच्या केसांतून बोटे फिरवत असते.