हशा नेमका कुठे पडतो

नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यू जर्सीतल्या एका चित्रपटगृहात मी कोरियन दिग्दर्शक बोंग जून-हो यांचा ‘पॅरासाइट’ पाहिला. शेजारी कार्यालयातली कोरियन मैत्रीण बसली होती आणि बाकीचे प्रेक्षक बहुतेक अमेरिकन होते. श्रीमंतांच्या दारात उभे असलेले बहीण-भाऊ आत जाण्याआधी आपली खोटी ओळख गाण्यात घोकून घेतात, तो प्रसंग आला: जेसिका, एकुलती एक मुलगी, इलिनॉय, शिकागो. मैत्रीण पहिल्या दोन सुरांतच हसली. सभागृह हसले ते ओळ वाचून झाल्यावर.

बाहेर पडल्यावर तिने सांगितले, की ती चाल ‘दोक्दो आमची भूमी’ या गाण्याची आहे. ज्या बेटांवरून कोरियाचा जपानशी वाद आहे, त्यांची सगळी माहिती त्या गाण्यात ओळीने गुंफलेली असून ते तिथल्या मुलांना तोंडपाठ असते, आणि परीक्षेसाठी काही पाठ करायचे असले की तेही याच चालीवर बसवले जाते. आपण ज्या चालीवर पाढे म्हटले, ती चाल एखाद्या ठकसेनाच्या तोंडून ऐकू यावी, तसे तिचे झाले होते. अमेरिकन प्रेक्षकांना यातले काहीच ठाऊक नव्हते, तरीही त्या खोट्या ओळखीचे चार शब्द तिथे इतके लोकप्रिय झाले, की चित्रपटाच्या अमेरिकन वितरकांनी त्यांची रिंगटोनच उपलब्ध करून दिली. तोतयेगिरीची रंगीत तालीम कोणत्याही देशात कळते. चालीतली गंमत मात्र कोरियातच राहिली.

या चित्रपटाची इंग्रजी सबटायटल्स लिहिणारे डार्सी पाकेट हे सोलमध्ये राहणारे अमेरिकन चित्रपट-समीक्षक आहेत, आणि त्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. मुलीने बनवलेले खोटे प्रमाणपत्र पाहून बाप कौतुकाने विचारतो, की सोल राष्ट्रीय विद्यापीठात कागदपत्रांच्या बनावटीचा विभाग आहे का. पाकेट यांनी तिथे ऑक्सफर्ड घातले. शब्दाशी प्रामाणिक राहायचे म्हटले असते, तर ते विद्यापीठ किती मानाचे हे प्रेक्षकाला आठवेपर्यंत विनोदाची वेळ टळून गेली असती. ‘छापागुरी’ या पदार्थाचे त्यांनी ‘रामदोन’ केले, म्हणजे रामेन आणि उदोन या नूडल्सच्या दोन प्रकारांच्या नावांची सांधलेली जोडी. इथे मात्र नुकसान अधिक झाले आहे, असे मला वाटते. छापागुरी म्हणजे दोन स्वस्त पाकिटबंद नूडल्सची मिसळ, आणि त्या श्रीमंत घरच्या मालकीणबाई त्यात महागडे कोरियन गोमांस घालायला सांगतात. त्या एका भांड्यात चित्रपटातली गरिबी आणि श्रीमंती एकत्र शिजत असते. अमेरिकन प्रेक्षकाला ते केवळ एक विचित्र नावाचे खाणे वाटते.

याहून खोल अडचण संबोधनांची आहे. त्या गाण्यात पुढे ‘सोन्बे’ हा शब्द येतो, म्हणजे शिक्षणात किंवा कामात आपल्या पुढे असलेला माणूस. इंग्रजीत त्याचा नुसता वर्गमित्र झाला. कोरियन भाषेत बोलणाऱ्याने समोरच्याला मोठा मानले की धाकटा, हे क्रियापदाच्या शेवटावरूनच कळते, त्यामुळे मान देता देता मध्येच घसरलेला माणूस तिथे हमखास हशा मिळवतो. ‘अहो’वरून एकदम ‘अरे’वर आलेल्या माणसाला मराठी कान तत्काळ पकडतात, इंग्रजीत दोघांना एकच सर्वनाम.

‘एक्स्ट्रीम जॉब’ हा २०१९ सालचा ली ब्योंग-हॉन यांचा चित्रपट कोरियात एक कोटी साठ लाखांहून अधिक प्रेक्षकांनी चित्रपटगृहात पाहिला, आणि तेथील लोकसंख्या जेमतेम पाच कोटींच्या आसपास आहे. अमली पदार्थांच्या टोळीवर पाळत ठेवण्यासाठी पोलीस तळलेल्या कोंबडीचे दुकान चालवायला घेतात आणि दुकानच तुफान चालते, ही कल्पना अमेरिकेतही सहज हसवते. पण पथकप्रमुख त्यात आपल्या निवृत्तीचा पैसा घालतो, तेव्हा कोरियन प्रेक्षकाच्या हसण्याला एक कळ असते, कारण नोकरी सुटलेल्या मध्यमवयीन माणसाने पुंजी मोडून कोंबडीचे दुकान काढणे हे तिथले घरोघरचे वास्तव आहे. ही कळ कोणत्याही सबटायटलमध्ये मावत नाही.

तरीही मी सबटायटल्सच्याच बाजूने आहे, कारण नव्याने काढलेली आवृत्ती बहुधा त्याहून अधिक गमावते. ‘माय सॅसी गर्ल’ या कोरियन चित्रपटाची २००८ मधली अमेरिकन आवृत्ती थेट डीव्हीडीवर आली. २००१ च्या मूळ चित्रपटातली मुलगी सभ्य वर्तनाचे सगळे संकेत उधळून लावते, म्हणून ती हसवते. न्यूयॉर्कमध्ये ते संकेतच तितके घट्ट नव्हते. ‘सेव्ह द ग्रीन प्लॅनेट’ या कोरियन चित्रपटावरून २०२५ मध्ये आलेला ‘बुगोनिया’ याला अपवाद आहे, कारण परग्रहवासीयांच्या कटावर विश्वास ठेवणारा माणूस अमेरिकेला मुळीच परका नाही.

बोंग यांच्या २०१७ च्या ‘ओक्जा’मध्ये एक दुभाषी मुद्दाम चुकीचे भाषांतर करतो. नंतर तो कोरियनमध्ये मुलीला म्हणतो, की माझे नाव कू सून-बम आहे; इंग्रजी सबटायटल मात्र सांगते, की इंग्रजी शीक, नवी दारे उघडतील. दिग्दर्शकाने हा विनोद फक्त दोन्ही भाषा येणाऱ्यांसाठी ठेवला आहे. घरी बसून तो पाहताना मैत्रिणीने मला थांबवून सांगितले, की ते नाव अगदी जुन्या वळणाचे, गावाकडचे वाटते. ‘म्हणजे आमच्याकडचा धोंडू,’ मी म्हणाले, आणि धोंडू म्हणजे काय हे तिला समजावून सांगायला मला दहा मिनिटे लागली.