साठ हजारांच्या आधीची मर्यादा

मार्च लागला की मला फोन सुरू होतात. मी इथे ब्रिटनमध्ये पेरोलचं काम करते, त्यामुळे ५ एप्रिलला करवर्ष संपण्याआधी "पेन्शनमध्ये किती टाकता येतील गं?" हा प्रश्न ठरलेला. परवा वहिनीचा फोन. घर विकल्याचे पैसे आलेत, त्यातले चाळीस हजार पौंड पेन्शनमध्ये टाकायचेत. "ताई, साठ हजारांपर्यंत चालतं ना?"

करवर्षाला ६०,००० पौंडांची मर्यादा, हा आकडा बरोबर आहे. एप्रिल २०२३ पासून तोच आहे, आधी ४०,००० होता. पण त्यात तुमचे, मालकाचे आणि करसवलतीचे असे सगळे पैसे मिळून धरतात. शिवाय स्वतःच्या पैशांवर सवलत मिळते ती त्या वर्षीच्या कमाईइतकीच. कमाई म्हणजे पगार किंवा धंद्यातला नफा. घरभाडं, व्याज, लाभांश त्यात येत नाहीत. कमाई अगदी नसली तरी ३,६०० पौंडांपर्यंत सवलत मिळते.

वहिनीचा पगार २८,०००. करसवलत धरून तिचे १,४०० पौंड पगारातून आधीच गेलेत. उरले २६,६००. त्यासाठी तिने खिशातून २१,२८० भरायचे, वरचे ५,३२० पेन्शन कंपनी सरकारकडून आणते. बाकीचे पैसे पुढच्या करवर्षात टाक म्हटलं. "पण मागच्या तीन वर्षांची न वापरलेली मर्यादा वापरता येते म्हणतात?" येते, आणि सोय फार चांगली आहे, फक्त त्या त्या वर्षी तुम्ही एखाद्या पेन्शन योजनेत असायला हवं. पण त्या सोयीने साठ हजारांची मर्यादा वाढते, कमाईची नाही. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

खूप मोठा पगार असेल तर साठ हजार कमी कमी होत दहा हजारांवर येऊ शकतात. पेन्शनच्या साठ्यातून करपात्र रक्कम काढायला सुरुवात केली असेल, तरी अशा साठ्यात पुढे वर्षाला दहाच हजार टाकता येतात. नुसती करमुक्त रक्कम काढली तर हे लागू होत नाही.

एनएचएस म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या मंडळींचा हिशेब मात्र निराळा. तिथे भरलेले पैसे मोजत नाहीत, वर्षभरात पेन्शन किती वाढली ते मोजतात. महागाई वजा जाता वार्षिक पेन्शन ४,१०० पौंडांनी वाढली, तर त्याची सोळापट म्हणजे ६५,६०० धरतात. हातात एक पेनी न येता मर्यादा ओलांडली! मला हे डॉक्टर-नर्सेसवर अन्यायाचं वाटतं. एकाच योजनेत मर्यादा ओलांडली तर योजना स्वतःहून पत्रक पाठवते. दोन-तीन ठिकाणी पेन्शन असेल तर बेरीज कुणीच करून देत नाही. प्रत्येक योजनेकडून आकडा मागवून घ्या, आणि तो मार्च संपायच्या आत मागवा.